वजन महिन्याभरात होत नाही

अग्निवीर भरतीचा लेखी निकाल लागला की कोल्हापुरातल्या पोरांना एकदम शरीर आठवतं. २०२३ पासून लष्कराने भरतीचा क्रमच उलटा केला. पूर्वी ग्राउंड काढलेला पोरगा लेखीला बसायचा, आता लेखी पास झालेला ग्राउंडवर येतो. तोवर त्याचे महिनेच्या महिने अभ्यासिकेच्या खुर्चीत, वडा-पाव आणि चहावर गेलेले असतात. मग विचारणा सुरू होते. एकाचं वजन जास्त, दुसऱ्याचं कमी, पण प्रश्न दोघांचा एकच: सर, किती दिवसांत होईल?

जास्तवाल्याचं दुखणं आपल्या गावाच्या आवडीतूनच आलंय. आपल्याला भरलेलं अंग लागतं. पोरगं सडपातळ राहिलं की आजी तुपाचा हात सैल करते. तालमीतला खुराक कुस्तीसाठी ठीकच आहे, पण लष्कराचं मैदान वेगळं मोजतं. १६०० मीटर धावण्यात पूर्ण ६० गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटांत यावं लागतं. म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक साधारण ८२ सेकंदांत. उरलेल्या ४० गुणांसाठी दहा पुल-अप्स, तिथे स्वतःचंच वजन उचलायचं असतं. १६८ सेंटिमीटर उंचीचा, ८५ किलोचा गडी आखाड्यात भल्याभल्यांना जड जाईल, पण वजन-उंचीच्या गणितात त्याचा बीएमआय ३० वर जातो. तिसऱ्या फेरीत तो मागे पडतो, आणि घरचे म्हणतात नशीब.

कमीवाल्याकडे मात्र आपण बघतच नाही. शाहूवाडी, गगनबावड्याकडून येणारी, पहाटे दूध घालून मग पळायला जाणारी पोरं धावण्यात पहिली येतात. त्याच १६८ सेंटिमीटरला वजन ४५ भरलं तर बीएमआय १६ च्याही खाली. छाती ७७ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त, हे तिथेच अडतं. मग मापाच्या सकाळी डझनभर केळी आणि पोटभर पाणी, हा पिढीजात उपाय. समजा, काट्याला फसवलं. पुढे कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण आहे, पाठीवर ओझं आहे. अंगात मांस नसलेल्या रिक्रूटच्या नडगीला बारीक चीर जाण्याचा धोका जास्त, हे लष्करी डॉक्टर जगभर सांगतात. त्यामुळे वजनाची ही अट जाचक वाटली तरी मला तिच्यात खोट दिसत नाही.

वजन तोडणं ही पैलवानांची विद्या आहे आणि तिचीही हद्द आपण पाहिली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये कुस्तीपटू विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने बाहेर गेली. रात्रभर घाम गाळणारी, सोबत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असलेली खेळाडू जिथे अडते, तिथे आपला पोरगा दोन दिवस पाणी तोडून, वर गल्लीतल्या जिमचा ‘डबा’ घेऊन काय साधणार?

खाशाबा जाधवांचं नाव आपण उठता-बसता घेतो. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या ५२ किलो गटात सहावा आला, १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्य घेऊन आला. एक गट वर जायला मध्ये चार वर्षं होती. त्यांच्या चपळाईचं कौतुक होतं, आकाराचं नाही. पण भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीच्या फलकांवर दंड फुगवलेलाच फोटो असतो.

अमेरिकेत लष्कराला माणसं मिळेनात, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी फोर्ट जॅक्सन इथे पूर्वतयारीचा वर्ग उघडला. अंगावर चरबी थोडी जास्त असलेल्या उमेदवाराला ९० दिवसांपर्यंत तिथे ठेवतात, खाऊ घालतात, पळवतात आणि मापात बसला की पुढे पाठवतात. आपल्याकडे उमेदवारांचा तुटवडा नाही, त्यामुळे लष्कर हे करणार नाही. ते ओझं घरावर येतं, आणि घर ते अकॅडमीच्या फीमध्ये उतरवतं.

म्हणून माझं मागणं अकॅडमीवाल्यांकडे आहे: आधी मेडिकल, मग फी. जुळणारे गुडघे, सपाट तळवे, रंगांधळेपणा, कानाचा पडदा, यांतलं बरंचसं कुठलाही डॉक्टर अर्ध्या तासात सांगतो. ते वर्षभराची फी भरल्यावर का कळावं? सैनिक टाकळीसारखी घरोघरी फौजी असलेली गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात महिन्यातून एक दिवस भरतीच्या पोरांसाठी ओपीडी चालवणं अवघड नाही. उंची, वजन, छाती, हिमोग्लोबिन आणि एका कागदावर लिहिलेला आहार. आणि ही तपासणी अकरावीच्या पोरांची व्हावी, लेखीचा निकाल लागायच्या दोन वर्षं आधी.