स्मार्ट टीव्हीची मंद गती : घट होते कोठे?

दिवाणखान्यात ५५ इंची टीव्ही भिंतीवर लागलेला असतो. घरातील ज्येष्ठ मंडळी खुर्च्या पुढे ओढून बसलेली असतात, कारण दूर देशी चाललेला नातीचा साखरपुडा थेट पाहावयाचा असतो. अंगठी घालण्याचा क्षण येतो आणि नेमके त्याच वेळी पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागते. चक्र थांबते, तेव्हा अंगठी घालून झालेली असते. दुसऱ्या दिवशी घरातील कर्ता मुलगा इंटरनेट कंपनीला फोन करतो, शंभराची योजना दोनशेची करून घेतो आणि वर्षाचे पैसे एकरकमी भरतो. पुढच्या आठवड्यात चक्र पुन्हा फिरते.

व्यापारी घराला हा व्यवहार खरे तर खटकावयास हवा. गुदामातून शंभर पोती निघाली आणि दुकानात वीसच उतरली, तर कोणताही शहाणा व्यापारी पुढच्या खेपेस दोनशे पोत्यांची मागणी नोंदवीत नाही. ऐंशी पोती वाटेत गेली कोठे, हे तो आधी विचारतो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र हा साधा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जात नाही. माल दिसत नाही, म्हणून घटही दिसत नाही.

प्रथम गरज किती, ते पाहू जाता आश्चर्य वाटेल. नेटफ्लिक्ससारख्या सेवेची स्वतःची शिफारस अशी आहे की, पूर्ण एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि फोर-के या अतिस्पष्ट चित्रासाठी १५ एमबीपीएस गती पुरेशी होते. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर, हिशेबाने, तीन खोल्यांत तीन टीव्ही फोर-के चालवूनही निम्म्याहून अधिक गती शिल्लक राहावी. (येथे एक तोलमापाचा घोटाळा अनेकांचा होतो. कंपनी गती मेगाबिटमध्ये सांगते, संगणकावर फाइल उतरताना आकडा मेगाबाइटमध्ये दिसतो; आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे १०० च्या जोडणीवर साडेबाराचा आकडा दिसला, तर त्यात फसवणूक नाही.) इतकी सुबत्ता असताना एकच टीव्ही अडखळत असेल, तर पुरवठा कमी असण्यापेक्षा पोच कमी असण्याचा संभव फार मोठा.

तेव्हा आधी मोजावे. तीन ठिकाणी मोजावे. पहिली नोंद राउटरला लॅपटॉप केबलने जोडून घ्यावी. ही झाली घरातील आवक. दुसरी नोंद राउटरपासून पाच-सहा फुटांवर मोबाइलवर, वायफायने. तिसरी नोंद प्रत्यक्ष टीव्हीवर घ्यावी. टीव्हीतील ब्राउझरवर फास्ट डॉट कॉम उघडले की आकडा मिळतो. कित्येक चित्रपटसेवांच्या मदत विभागातही गती तपासण्याची सोय असते. टीव्हीवर ब्राउझर नसेल, तर मोबाइल टीव्हीला टेकवून मोजला तरी अंदाज येतो, फक्त मोबाइलचा ग्राहक भाग टीव्हीपेक्षा बहुधा सरस असतो, हे लक्षात ठेवावे. या तिन्ही नोंदी एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास घ्याव्यात. रात्रीची पहिलीच नोंद कोसळलेली असेल, तर दोष कंपनीकडे आहे आणि हाती आकडे घेऊन तक्रार करता येते. बऱ्याच योजनांना महिन्याची मर्यादा असते, ती ओलांडली की गती उतरते, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. परंतु पहिल्या दोन नोंदी चोख असून तिसरीच पडलेली असेल, तर घट घरातच आहे. मग योजना दोनशेची केली काय आणि पाचशेची केली काय!

ही घट पेठेतल्या घरांत विशेष होते, आणि तिचे कारण घराच्या रचनेत आहे. तळमजल्यावर दुकान, वर राहते घर, हा व्यापारी कुटुंबांचा जुना प्रघात. इंटरनेटची जोडणी घेतली जाते ती दुकानासाठी: बिले, बँक, कॅमेरे, क्यूआरचा भोंगा, सगळे तेथे. राउटरही साहजिकच गल्ल्यामागे, बहुधा हिशेबाच्या फायली आणि लोखंडी तिजोरी यांच्या मधल्या फटीत, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून दडवून ठेवलेला. टीव्ही दुसऱ्या मजल्यावर आजीच्या खोलीत. दोहोंमध्ये सळयांच्या जाळीचे दोन स्लॅब. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच कोलकात्यात अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथे घंटा वाजवून दाखविली होती. लहर भिंत ओलांडते, याविषयी शंका नाही. मात्र प्रत्येक भिंतीवर तिला जकात भरावी लागते, आणि ही जकात भिंतीगणिक वेगळी. लाकडी दार वा प्लायवूडची आडभिंत थोडक्यात सोडते, वीट अधिक घेते, सळयांचे काँक्रीट आणि जुन्या वाड्यांची दोन-दोन फुटी भिंत भरमसाट घेते; लोखंडी कपाट आणि आरसा तर लहर परतवून लावतात. पाण्याची टाकी किंवा मत्स्यालय वाटेत असेल, तर पाणी ती शोषून घेते.

अशा घरात सर्वांत स्वस्त उपाय जागेचा. राउटर उंचावर, मोकळ्यावर आणि घराच्या मध्याकडे असावा. टीव्हीच्या मागे तो लपविणे दिसावयास नीटस, पण टीव्हीच्या पाठीचा धातू आणि विद्युत भाग हाच त्याला पहिला अडसर होतो. दुकानातील राउटर हलविता येत नसेल, तर दुकानापासून वरच्या मजल्यापर्यंत एक लॅन केबल नेऊन तेथे दुसरा साधा राउटर बसवावा. कॅट ६ प्रकारची ही केबल १०० मीटरपर्यंत गतीला बाध न आणता चालते. एवढ्या लांबीत तीन मजल्यांचे घर सहज मावते. केबल विजेच्या तारांच्या नळीतून मात्र ओढू देऊ नये. वायरमनला ते सोयीचे वाटते, पण त्यात धोका आहे आणि अडथळाही. पुढचा विचार करून घर बांधणाऱ्यांनी रंगकामाच्या आधीच टीव्हीच्या प्रत्येक जागी एक रिकामी नळी काढून ठेवावी.

टीव्हीपर्यंत केबल पोहोचत असेल, तर ती थेट टीव्हीलाच जोडणे सर्वांत उत्तम. येथे एक गंमत आहे. बहुतेक टीव्हींच्या केबलच्या तोंडाची कमाल मर्यादाच १०० एमबीपीएस असते, आणि चांगल्या वायफायवर याहून मोठा आकडा दिसू शकतो. म्हणून काहीजण केबल काढून टाकतात. हे चुकीचे आहे. टीव्हीला जास्तीत जास्त २०-२५ लागतात. त्याला हवी असते ती अखंड धार, क्षणिक उसळी नव्हे.

केबल शक्य नसेल तेथे वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी योग्य ती निवडावी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ती दूर जाते, भिंती बऱ्या ओलांडते, पण माल कमी वाहते. ५ गिगाहर्ट्झची लहर निम्म्याहून आखूड. माल भरपूर वाहते, पण दोन भिंतींत दमते. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असतील, तर ५ ची पट्टी निःसंशय निवडावी. पुष्कळ राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात, आणि टीव्ही मुकाट्याने संथ पट्टी धरून बसतो. राउटरच्या मांडणीत दोन वेगळी नावे दिली, की टीव्हीला हवी ती पट्टी नेमून देता येते. काही जुन्या किंवा स्वस्त टीव्हींना ५ ची पट्टी दिसतच नाही. त्याचा उपाय पुढे येईल.

२.४ ची पट्टी संथ होण्याचे आणखी एक कारण म्हणजे गर्दी. भारत सरकारने २००५ मध्ये ही पट्टी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केली, म्हणून वायफाय घरोघरी आले; पण मुक्त बाजारात जे होते ते येथेही झाले. ब्लूटूथ तिच्यावरच, मायक्रोवेव्ह भट्टीची लहरही तिच्यातच, आणि पेठेत मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर वीस-वीस शेजाऱ्यांची नावे. या पट्टीत एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवरील मोफत वायफाय विश्लेषक ॲपमध्ये कोणता मार्ग मोकळा आहे ते दिसते. तो राउटरमध्ये नेमावा. त्याच ॲपमध्ये सिग्नलची ताकद उणे आकड्यांत दिसते. उणे ५० उत्तम, उणे ६५ चालण्याजोगा, उणे ८० म्हणजे हाती काहीच नाही. हे आकडे साधे वाटतात, पण दर दहाला ताकद दहा पटींनी उतरते; ५० वरून ८० वर येताना ती हजारावा भाग उरते. टीव्हीमागे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर तीही या पट्टीत गोंगाट करते. ती काढून एकदा मोजून पाहावे.

गर्दी घरातलीही असते. वायफाय हा एकाच गल्ल्यावरचा व्यवहार आहे. एका वेळी एकाच गिऱ्हाइकाशी बोलणे होते. गुदामाच्या टोकाला लावलेला, जेमतेम सिग्नल मिळणारा कॅमेरा दिवसभर चित्रे वर पाठवीत असेल, तर तो थोडाच माल घेतो, पण चिल्लर मोजत गल्ला अडवून ठेवतो. असे कॅमेरे केबलवर घेतले, तर टीव्ही आपोआप सुधारल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

दुकानदार हटकून सुचवितो तो उपाय रिपीटरचा. तो निरुपयोगी नाही, पण बहुतेक घरांत तो चुकीच्या जागी बसतो. टीव्हीपाशी सिग्नल नाही म्हणून रिपीटर टीव्हीपाशीच लावतात. मग त्यालाच धड ऐकू येत नाही, तर तो पुढे सांगणार काय? त्याची जागा वाटेच्या मध्यावर, जेथे मूळ सिग्नल अजून चांगला आहे तेथे. शिवाय एकाच पट्टीवर ऐकणारा आणि त्याच पट्टीवर बोलणारा रिपीटर गती जवळजवळ निम्मी करतो. मोठ्या घराला मेश प्रकारचे दोन-तीन नग घेणे अधिक बरे, आणि ते आपसांत केबलने जोडता आले तर मग प्रश्नच मिटला.

थेट प्रक्षेपणाविषयी थोडे वेगळे सांगावयास हवे. चित्रपट चालतो तेव्हा टीव्ही पुढची काही मिनिटे आधीच साठवून ठेवतो; मधल्या अडचणी त्या शिलकीतून भागतात, फार तर चित्र थोडा वेळ धूसर होते. थेट सोहळ्यात पुढची मिनिटे अजून घडलेलीच नसतात, म्हणून शिल्लक काही सेकंदांचीच. ज्या वायफायवर चित्रपट सुरळीत चालतो, त्यावर साखरपुडा तुटतो तो यामुळे. आणि दोष पाठविणाऱ्या टोकालाही असू शकतो. कार्यालयातील छायाचित्रकार मोबाइलच्या सिम कार्डावर चित्र पाठवीत असेल आणि तीनशे पाहुणे त्याच मनोऱ्यावर असतील, तर येथील घरात कितीही खर्च करून उपयोग नाही. त्याच वेळी दुसरा एखादा व्हिडिओ लावून पाहिला, की दोष कोणत्या टोकाचा ते क्षणात कळते. कार्य स्वतःच्या घरचे असेल, तर छायाचित्रकाराशी बोलताना त्याच्याकडे वर पाठविण्याची गती किती, हा प्रश्न आधीच विचारावा.

कधी इंटरनेट निर्दोष असते आणि टीव्हीच थकलेला असतो. बटण दाबल्यावर यादी उघडावयासच पाच सेकंद लागत असतील, तर तो मंदपणा आतल्या प्रोसेसरचा. न लागणारी ॲप काढावीत, सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, आणि रिमोटने न विझविता भिंतीवरचे बटण बंद करून मिनिटभराने टीव्ही पुन्हा सुरू करावा. डीएनएसचे आकडे बदलून गती दुप्पट करण्याचे जे उपाय सांगितले जातात, त्यांनी पान उघडण्यास क्वचित थोडी चपळाई येते. एकदा सुरू झालेल्या चित्रपटाची धार त्यांनी सहसा वाढत नाही. ५ ची पट्टी न पकडणाऱ्या जुन्या टीव्हीला दोन्ही पट्ट्यांची एचडीएमआय स्टिक लावली, तर नव्या टीव्हीचा खर्च वाचतो. स्टिक टीव्हीच्या पाठीत दडपून न बसविता सोबतच्या लहान जोडतारेने बाहेर काढावी.

राहता राहिला पासवर्ड. दुकानातील गिऱ्हाइके, हमाल, समोरचा चहावाला, सर्वांना उदारपणे दिलेला पासवर्ड संध्याकाळी टीव्हीची गती खातो, हे तर आहेच. त्याहून गंभीर म्हणजे ही सारी अनोळखी उपकरणे पेढीच्या हिशेबाच्या संगणकाशी एकाच जाळ्यात येऊन बसतात. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय असते. ते चालू करून बाहेरच्यांना तेवढेच नाव द्यावे, त्याला गतीची मर्यादा घालावी, आणि मूळ पासवर्ड बदलून तो केवळ घरच्यांपाशी ठेवावा. पासवर्ड बदलल्याच्या रात्रीच टीव्हीवर तिसरी नोंद पुन्हा घ्यावी.