वारा डोंगर कां चढत नाहीं?

गेल्या पंधरवड्यांत आमच्या धाकट्या नातीस भूगोलांतील 'वायुभार व वारे' हा धडा समजावून देण्याचा प्रसंग आला. 'वारे जास्त भाराच्या प्रदेशाकडून कमी भाराच्या प्रदेशाकडे वाहतात' हें वाक्य तिनें घडाघडा म्हणून दाखविलें, आणि आमच्या मनांतील एक जुनी बोच जागी झाली.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं हेंच वाक्य आम्हीं फळ्यावर लिहिलें असतां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "गुरुजी, पारा मुंबईस ७६ सेंटिमीटर आणि महाबळेश्वरास ६५च्या आसपास असतो, असें आपणच काल सांगितलेंत. मग मुंबईचा वारा रात्रंदिवस महाबळेश्वराकडे कां वाहत नाहीं?" वर्ग हंसला. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें, सबब "आगाऊपणा पुरे!" असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें.

उत्तर तसें अवघड नाहीं. विहिरीच्या तळाशीं पाण्याचा दाब पृष्ठभागापेक्षां कितीतरी अधिक असतो. तरी तळचें पाणी आपण होऊन वर उसळत नाहीं. कारण तो दाब वरच्या पाण्याच्या वजनानेंच उत्पन्न झालेला असतो, व तें वजनच त्यास तोलून धरितें. हवेचेंही तसेंच आहे. १६४८ सालीं फ्रान्समध्यें पास्कालच्या मेहुण्यानें पाऱ्याची नळी प्युई द दोम नांवाच्या डोंगरावर नेली, तेव्हां माथ्यावर पारा बराच उतरलेला आढळला. पण तेवढ्यानें पायथ्याची हवा कांहीं माथ्याकडे धांवत सुटली नाहीं. वाऱ्यास कारण होतो तो एकाच पातळीवरील भारांतला फरक. म्हणूनच वेधशाळेंत ठिकठिकाणचा भार आधीं हिशेबानें समुद्रसपाटीस आणितात व मग नकाशावर समभाररेषा काढितात. क्रमिक पुस्तकांत रेषा छापतात. हा हिशेब मात्र बहुधा गाळतात, आणि घोटाळा तेथेंच होतो.

कोंकणांतील होडीवाल्यांस पुस्तकाची गरज पडली नाहीं. रात्रीं जमीन समुद्राहून लौकर निवते, म्हणून पहांटे मतलई वाऱ्यावर शीड उभारून बाहेर पडावें; दुपारीं जमीन तापली कीं खाऱ्या वाऱ्यानें परतावें.

नातीस हें सारें पटलें. मग तिनें विचारिलें, "आजोबा, त्या मुलाला तुम्ही हें कधीं सांगितलंत?"

आम्हांस हें उत्तर एका जुन्या ग्रंथांत सांपडलें तें दोन वर्षांनीं. तोंवर तो शाळा सोडून गेला होता. आणि त्या तासानंतर भूगोलाच्या वर्गांत त्यानें पुन्हां हात वर केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.