कानाचे मशीन घेताना

आमचे थोरले काका गिरणीच्या रिंगखात्यात होते. आता वय ऐंशीच्या पुढे. घरात बोलणे सुरू झाले की ते हसून मान हलवतात. मध्यंतरी सुनेने विचारले, "मामा, रक्तदाबाची गोळी घेतली का?" काका म्हणाले, "हो." गोळी डबीतच होती. चार दिवसांच्या चार गोळ्या तशाच होत्या. तेव्हा कुठे घरातली मंडळी जागी झाली.

म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ पुसट होतात, स्वर मात्र पोचतात. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, "ऐकू येते, पण कळत नाही." आपण त्याला बहाणा समजतो आणि ओरडतो. ओरडल्याने शब्द फाटतो, शिवाय माणूस दुखावतो ते वेगळेच. काकांच्या कानांवर तर गिरणीचा गोंगाटही वर्षानुवर्षे आदळलेला.

चुलतभावाने हौसेने कानात लपणारे इवलेसे मशीन आणले. तपासणी नाही, काही नाही. ते शिट्टी मारी. भांड्यांचा आवाजही बोलण्याइतकाच वाढवी. काकांच्या जाड बोटांना सेल बसवता येईना. आठ दिवसांत मशीन कपाटात गेले. लोकांना दिसू नये म्हणून घेतलेली वस्तू शेवटी कोणालाच दिसली नाही!

वाचकहो, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. कधी नुसता मळच साचलेला असतो. एखाद्या कानाचे ऐकू येणे अचानक गेले, तर वय झाले म्हणून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मग श्रवणचाचणी करून तिचा आलेख घ्यावा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे ही चाचणी होते. मशीन त्या आलेखाप्रमाणे जुळवून घ्यायचे असते. जो आवाज कमी ऐकू येतो तोच वाढला पाहिजे.

कानामागे बसणारे मशीन बोटांना सोपे जाते. सेल बदलणे जमत नसेल तर चार्जिंगचे बघावे. दुकानातच आजोबांच्या हातात द्यावे, त्यांनाच घालू-काढू द्यावे. शिट्टी वाजली तर बहुधा कानातला साचा नीट बसलेला नसतो. काही दिवस वापरून परत करता येईल का, पुन्हा जुळवण्याचे पैसे वेगळे पडतील का, हे लिहून घ्यावे. दोन्ही कान कमी असतील तर शक्य तेव्हा दोन्हींना घ्यावे.

पैशांची अडचण असेल तर २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेची जिल्हा प्रशासनाकडे चौकशी करावी. साठ वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५,००० रुपयांपेक्षा अधिक उत्पन्न नसलेल्यांना शिबिरांतून श्रवणयंत्र मोफत मिळते.

काकांनी नवे मशीन पहिले दोन दिवस कुकरच्या शिट्टीला वैतागून काढून ठेवले. मग सकाळी तासभर, पुढे दोन तास, असे सवयीचे झाले. परवा सुनेने पाठमोरीच गोळीची आठवण केली. काका म्हणाले, "कुठली खोली?" ती वळली, टीव्ही बंद केला, समोर येऊन पुन्हा म्हणाली. काकांनी गोळी घेतली.