सर्पगंधेचे मूळ आणि रक्तदाबाची खतावणी

सांगलीच्या हळद बाजारात असो वा साताऱ्याच्या पेठेत, गादीवर बसणारा व्यापारी रोजमेळात एका रुपयाचा फरक राहू देत नाही. मात्र स्वतःच्या रक्तदाबाचा आकडा विचारला, तर बहुतेकांना तो सांगता येत नाही. रक्तदाब हा असा देणेकरी आहे, की तो तगादा लावत नाही; एके दिवशी थेट जप्ती आणतो. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मूत्रपिंड निकामी होणे ही त्या जप्तीची रूपे होत.

या विकारावरील संशोधनात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सह्याद्रीच्या दमट रानांत आढळणारी सर्पगंधा वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. निद्रानाश आणि उन्माद यांवर तिच्या मुळाचा वापर होत असे. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने रक्तदाब उतरतो, असे नोंदवले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी मुळातील द्रव्ये वेगळी केली. तरीही परदेशी वैद्यकाने त्याची दखल घेतली नाही.

ती घ्यायला लावली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. केईएम रुग्णालयात त्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना हे औषध दिले, औषधापूर्वीचे व नंतरचे आकडे शिस्तीने नोंदवले आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ते प्रसिद्ध केले. अनुभवाचे बोल होतेच. त्यांना आता हिशेबाचा आधार मिळाला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून ‘रेसरपिन’ वेगळे करण्यात आले व ते जगभर वापरले गेले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार, तर पुढील वर्षी पद्मभूषण लाभले.

या यशाला दुसरी बाजूही आहे. मूळ खणले की रोपटे संपते. कंदमुळांचा विचार करणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगावे लागत नाही. मागणी वाढली, तशी रानातील सर्पगंधा विरळ झाली. आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. शिवाय मोठ्या मात्रेने काही रुग्णांना खिन्नता येई. त्यामुळे आज हे औषध क्वचितच दिले जाते. त्याची जागा अधिक सुरक्षित गोळ्यांनी घेतली आहे. म्हणून वनस्पतीचे आहे, तेव्हा निरुपद्रवी असेलच, असे समजून सर्पगंधेचे चूर्ण स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

शाकाहार हे मोठे भांडवल खरे, पण पापड, लोणची आणि फरसाण यांतून ते खर्ची पडते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. ते साधारण एक चहाचा चमचा होते. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

सर्वांत मोठी चूक घडते ती बरे वाटू लागल्यावर. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो, रोग गेलेला नसतो. तरी गोळी बंद होते. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, ही शंका रास्त आहे. परंतु त्यासाठी औषध सोडू नये, डॉक्टरांकडे साधी गोळी मागावी. पर्युषणात उपवास धरण्यापूर्वी औषधाच्या वेळा व मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्याव्यात. निर्जळ उपवासात काही गोळ्यांनी रक्तदाब फार खाली जातो, तर काही एकाएकी थांबवल्याने उसळतो. तप हे आत्मशुद्धीसाठी आहे. त्यात अविवेकाला स्थान नाही.

दिवाळीला वहीपूजन करताना घरोघरी आणखी एक छोटी वही उघडावी. तारीख, वेळ आणि रक्तदाब, एवढे तीनच रकाने पुरेत. डॉ. वकील यांनी रुग्णालयात जे केले, तेच घरच्या पातळीवर करायचे आहे. घरातील वडीलधाऱ्यांची नावे त्या वहीत सर्वांत आधी असावीत.