झाडे रुजली, हक्क रुजला नाही

बेकार तरुणांचा प्रश्न निघाला की अमेरिकेतील ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’चा दाखला हमखास दिला जातो. तरुणांना छावणीत न्यावे, शिस्त लावावी, झाडे लावून घ्यावीत. बेकारीही हटेल आणि वनेही वाढतील, असा हा युक्तिवाद. त्यातील अर्धे सत्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु उरलेले अर्धे लपविले जाते, म्हणून ते सांगणे भाग आहे.

१९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता. मार्चअखेर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कायद्यावर सही केली आणि १७ एप्रिलला व्हर्जिनियातील जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात ‘कॅम्प रूझवेल्ट’ ही पहिली छावणी उभी राहिली. पुढील नऊ वर्षांत सुमारे ३० लाख जण अशा छावण्यांतून गेले. त्यांनी सुमारे तीन अब्ज झाडे लावली, वणवे विझविले, जमिनीची धूप रोखली. हे श्रम थोर होते, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो श्रमाच्या मोलाविषयी. महिन्याला ३० डॉलर. त्यांतील २५ परस्पर घरी धाडले जात. जेवणखाण, कपडे, निवारा मिळे, हे खरे. पण छावणीचा कारभार लष्कराच्या हाती होता. दिवसाला एक डॉलर हा दर रूढ झाला तर सर्वांचीच मजुरी घसरेल, ही भीती ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर’चे अध्यक्ष विल्यम ग्रीन यांनी बोलून दाखविली. सरकारने काय केले? रॉबर्ट फेक्नर या कामगार पुढाऱ्यालाच संचालक नेमले. विरोध मावळला, मजुरीचा मूळ दर मात्र तोच राहिला.

आणि समता? कायद्याने वंशभेदाला मनाई केली असूनही याच फेक्नर यांनी १९३५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या काढण्याचा हुकूम दिला. स्त्रियांना तर या दलात प्रवेशच नव्हता. जणू भूक फक्त पुरुषांनाच लागते!

शेवट अधिक बोलका आहे. युद्धामुळे कारखान्यांना आणि सैन्याला माणसे हवी झाली, आणि १९४२ साली काँग्रेसने या योजनेचा पैसा बंद केला. वनांची गरज संपली होती काय? मुळीच नाही. मर्जीने दिलेले काम मर्जीसरशी गेले, इतकेच.

म्हणून छावण्यांचे गोडवे गाणाऱ्यांना विचारले पाहिजे : मजुरी कोण ठरविणार? संघटनेचा हक्क राहील काय? मागितल्यास काम मिळेलच, अशी कायद्याची हमी आहे काय? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर छावणी वनांना वरदान ठरेल. श्रमिकांच्या वाट्याला मात्र तहकूब केलेली बेकारीच येईल.