लेसर नेमका कशासाठी?

आमच्या वयाची दोन माणसे भेटली की बोलणे गुडघ्यांवरून मोतीबिंदूवर येते. 'मी लेसरने करून घेतले,' असे समोरचा सांगतो. मी विचारतो, 'खर्च किती आला?' बँकेत जन्म गेल्यावर जिभेवर हाच प्रश्न आधी येतो. चार गोष्टी आणखी विचारल्या की बहुधा उलगडते, की लेसरचा त्यात काही संबंधच नव्हता!

बिनटाक्याची म्हणून जी शस्त्रक्रिया आज सर्रास होते, ती 'फेको'. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी ती १९६७ साली आणली. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या कंपनांनी गढूळ भिंग फोडायचे आणि चुरा ओढून घ्यायचा. काम ध्वनीचे, श्रेय प्रकाशाला.

लेसरची खरी करामत पाहायची तर चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या शस्त्रक्रियेत. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर लेसर रोखला. आजूबाजूचा भाग न करपता नेमका तेवढाच थर उडाला. डोळ्याच्या बुबुळावर हा लेसर एका झटक्याला साधारण मिलिमीटरचा चार हजारावा भाग खरवडतो. पोलादी पात्याला हे जमणारे नाही.

मोतीबिंदूसाठीही लेसर आहे, फेम्टोसेकंद नावाचा. तो छेद देतो, भिंगाच्या पिशवीला गोल खिडकी पाडतो, भिंगाचे तुकडे करतो. पुढे ते काढायला बहुधा फेकोचेच यंत्र घ्यावे लागते. २०२० साली फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ-रुग्णालयांची चाचणी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. फेकोहून हा लेसर सरस ठरला नाही आणि खर्च मात्र वाढला. ब्रिटनमधल्या चाचणीचा सूरही तोच.

हे मुद्दाम सांगतो, कारण विम्याच्या अनेक पॉलिसींत मोतीबिंदूसाठी ठरावीकच रक्कम मिळते. वरचा फरक पेन्शनमधून जातो किंवा मुलगा देतो, आणि 'बाबांसाठी सगळ्यात महागाचे करा' म्हणताना तोही बिल वाचत नाही. भिंग कोणते, यंत्र कोणते आणि जास्तीचे पैसे कशाचे, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात कसला आलाय संकोच?

गंमत पुढेच आहे. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी काहींच्या कृत्रिम भिंगामागचा पडदा धुरकट होतो. तेव्हा 'याग' लेसरने त्याला खिडकी पाडतात. सुरी नाही, काही मिनिटांचे काम. इथे खरोखर लेसर चालतो आणि पेशंट घरी येऊन सांगतो, 'काही नाही, डोळा साफ करून आणला.'