वर्गाच्या दारावरील कुलूप

शिक्षकी पेशाची तयारी करणाऱ्या छात्राध्यापकाला आज दोन उपदेश एकाच वेळी ऐकावे लागतात. एक असा की, वर्गात नवे तंत्रज्ञान आणा, पडदा वापरा, मुलांच्या मोबाइलवर साहित्य पोहोचवा. दुसरा असा की, सावध राहा; प्रत्येक पानावर, चित्रावर, चित्रफितीवर कोणाचा तरी कॉपीराइट आहे, आणि परवानगीवाचून काही उचलाल तर चोर ठराल. पहिल्या उपदेशामागे यंत्रे विकणारा उभा असतो, दुसऱ्यामागे पुस्तके विकणारा. या दोघांच्या कात्रीत सापडलेला होतकरू शिक्षक सराव पाठाचे टाचण लिहिताना अडखळतो. ‘फकिरा’तील चार पानांची झेरॉक्स चाळीस मुलांना वाटावी की वाटू नये? अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले आणि त्यांचे लेखन २०२९ च्या अखेरपर्यंत कॉपीराइटखाली आहे, एवढे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. ती चार पाने वर्गात शिकविण्यासाठी वाटण्याचा हक्क त्याला कायद्यानेच दिला आहे, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ या बाबतीत स्वच्छ आहे. शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत, तसेच प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा, हा हक्कभंग ठरत नाही. प्रकाशकाने कृपावंत होऊन दिलेली ही सवलत नव्हे. संसदेने लेखकाला जसा मर्यादित मुदतीचा हक्क दिला, तसाच वर्गाला हा हक्क दिला. दोहोंचा उगम एकच आहे. त्यामागे नवस्वतंत्र देशांची एक लढाईही आहे. १९६७ मध्ये स्टॉकहोम येथे बर्न कराराच्या फेरविचारासाठी परिषद भरली, तेव्हा भारतासह या देशांनी शिक्षणासाठी परकी पुस्तके वापरण्याची मोकळीक मागितली. प्रकाशनधंद्याची ठाणी असलेल्या श्रीमंत देशांनी ती मान्य केली नाही. १९७१ मध्ये पॅरिसला तिच्या जागी परवान्यांचे असे किचकट नियम आले की गरीब देशांना त्यांचा उपयोग जवळजवळ झालाच नाही.

या हक्काची खरी कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात एक लहानसे झेरॉक्सचे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनातील निरनिराळ्या पुस्तकांची प्रकरणे एकत्र बांधून ते दुकान विद्यार्थ्यांना देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये त्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा ठोकला व ६० लाख रुपयांची भरपाई मागितली. विद्यार्थी संघटना करून दाव्यात उतरले. ज्यांच्या पुस्तकांच्या रक्षणासाठी हा दावा असल्याचे सांगितले जात होते, त्यांपैकीच कित्येक लेखकांनी तो मागे घ्या असे प्रकाशकांना कळविले. अमर्त्य सेन यांनीही नापसंती व्यक्त केली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला आणि कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असे बजावले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला खंडपीठाने दाव्यातील काही वस्तुस्थितीचे मुद्दे पुन्हा तपासण्यास पाठविले, परंतु तत्त्व कायम राखले: किती पाने उतरविली हा प्रश्न नसून शिकविण्याच्या हेतूला ती आवश्यक होती काय, हा प्रश्न आहे. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला.

न्यायालयात हरलेली बाजू स्वस्थ बसत नसते. वाणिज्य खात्याशी संलग्न संसदीय स्थायी समितीने जुलै २०२१ मध्ये बौद्धिक संपदेवर जो अहवाल दिला, त्यात कलम ५२ आवळण्याची शिफारस आहे. अशा प्रती फक्त सरकारी मालकीच्या शिक्षणसंस्थांत काढू द्याव्यात, किती भाग उतरवावा याला मर्यादा घालावी आणि या प्रती संगणकीय माध्यमात साठविण्यावर नियंत्रण आणावे, असे समिती म्हणते. दिल्लीत बसून ‘सरकारी मालकीच्या’ हे दोन शब्द निरुपद्रवी वाटतील. महाराष्ट्रात त्यांचा अर्थ काय होतो? कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था सरकारी मालकीची नाही. बहुजनांच्या मुलांना महाविद्यालयाची पायरी दाखविणाऱ्या, वर्गणीतून आणि श्रमदानातून उभ्या राहिलेल्या असंख्य संस्था सरकारी मालकीच्या नाहीत. ज्या विद्यार्थ्याला हजार रुपयांचे पुस्तक विकत घेणे सर्वांत अवघड, नेमक्या त्याच्याच शिक्षकाचा हक्क ही शिफारस काढून घेते. ती अजून कायद्यात उतरलेली नाही. उतरू नये यासाठी आताच आवाज उठला पाहिजे.

प्रकाशकांची बाजू अशी मांडली जाते की, फुकट प्रती निघू लागल्या तर लेखकाचे पोट मारले जाईल. मराठीत लेखणीवर जगू पाहणाऱ्या लेखकाच्या बाबतीत या म्हणण्याला वजन आहे. हयात लेखकाची अख्खी कादंबरी पीडीएफ करून शेकडो लोकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सोडणारा शिक्षक कलम ५२ चा आधार घेऊ शकत नाही, आणि त्याने घेऊही नये. उद्याच्या शिक्षकाने हा विवेक शिकलाच पाहिजे. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. तेथे कोणाची परवानगी लागत नाही, हेही त्याला माहीत हवे.

विद्यापीठीय ग्रंथांचे आणि संशोधनपत्रिकांचे अर्थकारण मात्र वेगळे आहे. संशोधकाला पगार बहुधा सार्वजनिक निधीतून मिळतो. लेखाबद्दल पत्रिका त्याला सहसा काही देत नाही. लेख तपासणारे सहकारीही सहसा विनामूल्य काम करतात. तयार माल हाती आला की प्रकाशक तोच सार्वजनिक ग्रंथालयाला विकतो. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, पुढच्या प्रतीचा खर्च नगण्य असतो. तरीही किंमत चढी राहते, कारण मागे मक्तेदारी आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. ३० परदेशी प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिकांसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये त्यात ठेवले. विद्यार्थ्यांची सोय झाली, हे खरे. पण हे भाडे आहे. मुदत संपली की पुन्हा त्याच दारात उभे राहायचे.

छापील पानाची लढाई निदान एकदा जिंकून झाली. पडद्यावर ती नव्याने सुरू होते. कागदी पुस्तक विकत घेतले की ते वाचणाऱ्याचे. ते उसने देता येते, रद्दीच्या दुकानात विकता येते, वर्गात फिरविता येते. पडद्यावरचे पुस्तक बहुतेक वेळा विकले जातच नाही, त्याचा परवाना मिळतो. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ ही पुस्तके परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकार नव्हता, हे कारण खरे होते; पण घेणाऱ्याच्या कपाटात हात घालण्याची सोय त्या यंत्रातच होती, हे त्या दिवशी जगाला कळले. भारतीय कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ कायदेशीर हेतूसाठी असे कुलूप उघडणाऱ्याला गुन्हेगार ठरवीत नाही. मात्र किल्ली शिक्षकाला देण्याचे बंधन कंपनीवर कोणी घातलेले नाही. शिवाय कलम ५२ प्रती काढण्याबद्दल बोलते. तोच उतारा दूरच्या विद्यार्थ्याला पडद्यावरून पाठविण्याबद्दल ते तितके स्पष्ट बोलत नाही.

आणि हा धाक कोणाला? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील अँथ्रॉपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने लेखकांशी दीडशे कोटी डॉलरची तडजोड केली. चोरट्या संग्रहांतून उतरविलेली सुमारे ५ लाख पुस्तके हा त्या वादाचा विषय होता. भांडवल मोठे असेल तर आधी पुस्तके घेता येतात आणि किंमत मागाहून ठरविता येते. चार पाने वाटणाऱ्या छात्राध्यापकाला मात्र आधीच चोर म्हणून भेडसावले जाते.

म्हणून शिक्षक संघटनांनी आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. कलम ५२ चा संकोच होता कामा नये, आणि सरकारी व बिगरसरकारी संस्था असा भेद तर मुळीच नको. हा हक्क पडद्यावरील शिक्षणाला स्पष्ट शब्दांत लागू व्हावा, आणि तो हिरावून घेणारी परवान्यातील कलमे रद्दबातल ठरावीत. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले संशोधन व पाठ्यसाहित्य सर्वांना मोफत खुले असावे. तोपर्यंत प्रत्येक बी.एड. महाविद्यालयात कलम ५२ निदान एक तास शिकविले जावे. हक्क आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो हक्क काढून घेतला गेला तरी त्या शिक्षकाला कळणार नाही, आणि त्याच्या वर्गातील चाळीस मुलांनाही नाही.